योजनेत बसतं, पण कुठल्या दिवसापासून?

कॅन्सरचं ऑपरेशन योजनेत बसतं का? नंदुरबारपासून धडगावपर्यंत कुठल्याही सरकारी दवाखान्यात हा प्रश्न विचारला, तर कागदावरचं उत्तर स्वच्छ आहे: बसतं. जबडा काढणं, मानेतल्या गाठी काढणं, स्तनाचं किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन, अन्ननलिका आणि आतड्याच्या शस्त्रक्रिया, त्यानंतरची केमो आणि लोक ज्याला 'शेक' म्हणतात ते रेडिएशन, हे सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या यादीत आहे. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पैसे सरकारकडून थेट रुग्णालयाला जातात, पेशंटने बिल भरून नंतर परतफेडीसाठी खेटे घालायचे नसतात. जमीन किंवा बैलजोडी विकून ऑपरेशन करण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही सोय किती मोठी आहे हे सांगावं लागत नाही. तरीही 'बसतं का' या प्रश्नापाशी थांबलं तर नंदुरबारच्या बाबतीत फसगत होते. योजनेचं दार बायोप्सीच्या अहवालाने उघडतं. त्याआधीचे महिने, त्याआधीचा प्रवास आणि त्याआधीचा खर्च या दाराबाहेर राहतो. कॅन्सरमध्ये माणूस वाचणार की नाही, हे मात्र बऱ्याच वेळा नेमकं त्याच काळात ठरून गेलेलं असतं.

योजना इथवर कशी आली ते थोडक्यात पाहायला हवं, कारण वाढ नेमकी कुठल्या दिशेने झाली हे त्यातूनच कळतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात धुळे होता, नंदुरबार नव्हता. १ जुलै १९९८ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होते. वेगळा जिल्हा मिळाल्याचा हा एक तोटा म्हणायचा! २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना राज्यभर लागू झाली आणि नंदुरबारचा नंबर लागला. तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती आणि पात्रता पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले यांचं दिलं गेलं, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० मध्ये दोन्ही एकत्र राबवायला सुरुवात झाली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा पाच लाख केली आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ती लागू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मानमध्ये घेतलं. उपचारांची संख्या १,३५६ होती, ती २०२५ मध्ये २,३९९ वर नेण्याचा निर्णय झाला. म्हणजे रक्कम वाढली, माणसं वाढली, यादी वाढली. या तेरा वर्षांत एक गोष्ट जवळपास होती तिथेच राहिली: संरक्षण सुरू होण्याचा क्षण.

तो क्षण कसा असतो, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी दिसतं. टेबलावर एक संगणक, बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र, भिंतीवर १५५३८८ हा टोल-फ्री क्रमांक. पेशंटकडून आधार आणि शिधापत्रिका घेऊन नावं जुळवली जातात. मग डॉक्टरांनी सुचवलेला उपचार यादीतल्या कुठल्या सांकेतिक क्रमांकात बसतो ते पाहिलं जातं, आणि पूर्वपरवानगीसाठी कागद वर चढवले जातात. कॅन्सरच्या बाबतीत या कागदांचा कणा म्हणजे बायोप्सीचा अहवाल. तुकडा काढला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवला, पॅथॉलॉजिस्टने स्लाइड पाहिली आणि 'कार्सिनोमा' असा शब्द लिहिला, की मग पुढची मंजुरी हलते. सोबत आजार किती पसरला आहे ते दाखवणारा सीटी स्कॅन किंवा एमआरआय आणि कुठले उपचार कोणत्या क्रमाने करायचे यावर तज्ज्ञांचं मत लागतं. हे सगळं रास्तच आहे. खात्री नसताना कुणाचा जबडा काढायला परवानगी द्यावी, असं कुणीही म्हणणार नाही. अडचण अशी, की हे पुरावे गोळा करण्याचं काम बाह्यरुग्ण विभागात होतं आणि योजना मुळात भरती झालेल्या पेशंटसाठी रचलेली आहे. आयुष्मान भारतमध्ये भरती होण्याआधीच्या फक्त तीन दिवसांचा तपासण्या-औषधांचा खर्च पॅकेजमध्ये धरला जातो, आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा. हृदयविकाराचा झटका किंवा मोडलेलं हाड यांना तीन दिवस पुरतात. तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचं निदान तीन दिवसांत होत नाही. ते सातपुड्यात तर नाहीच नाही.

अक्राणी (म्हणजे धडगाव) किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरपाड्यावरची बाई अंगावरून पांढरं किंवा अवेळी रक्त जातं म्हणून आधी उपकेंद्रात जाते, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथे गोळ्या मिळतात. बरं वाटलं नाही की बाजाराच्या दिवशी एखाद्या खासगी डॉक्टरकडे सुई घेतली जाते. मग ग्रामीण रुग्णालय, मग शहादा किंवा नंदुरबार. धडगावहून नंदुरबार ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, पण पाड्यावरून धडगावला यायलाच अर्धा दिवस जाऊ शकतो. नर्मदाकाठच्या गावांना तर सरकारला बोटीतला दवाखाना द्यावा लागला. प्रत्येक टप्प्यावर एक दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. या सगळ्या फेऱ्यांत तिच्या पिशवीत पिवळं कार्ड असतंच, पण ते अजून कुठल्याच टेबलावर चालत नाही, कारण तिला अजून 'काही झालेलं' नाही. योजनेच्या मूळ तरतुदींत प्रवासखर्चाचीही एक ओळ होती: उपचार झाल्यावर रुग्णालयातून घरी जाण्यासाठी एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एकवेळचं भाडं. परतीचं भाडं होतं, जाण्याचं नव्हतं. रचनाकारांचा दुष्टपणा त्यात नव्हता. पेशंट रुग्णालयात पोहोचलेलाच आहे, असं गृहीत धरून ती लिहिली गेली. मुंबईत किंवा पुण्यात ते गृहीतक खपून जातं.

उशिराची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर कशी वसूल होते, ते तोंडाच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात उघड दिसतं. गालाच्या आत दोन सेंटिमीटरपेक्षा लहान व्रण असेल, तर सर्जन भोवतालच्या निरोगी पेशींसह तो कापून काढतात, गरज वाटली तर मानेतल्या गाठी काढतात; पेशंट काही दिवसांत घरी जातो, पुष्कळदा शेक लागतही नाही. हाच व्रण जबड्याच्या हाडात शिरला, तर हाडाचा भाग काढावा लागतो, छातीवरची किंवा पायाची कातडी-मांस आणून तिथे बसवावं लागतं, दोन सर्जनांचे चमू दिवसभर उभे राहतात, आणि नंतर आठवड्यातले पाच दिवस असं सहा आठवडे रेडिएशन. या सहा आठवड्यांत पेशंट भरती नसतो. रोज पंधरा मिनिटं यंत्राखाली झोपायचं आणि उरलेला दिवस शहरात कुठेतरी काढायचा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाभोवतीचे फूटपाथ, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, ही त्या उरलेल्या दिवसांची ठिकाणं आहेत. योजना शेकाचे पैसे देते, त्या दिवसांच्या भाकरीचे देत नाही. विमा चालवणाऱ्याच्या नजरेनेही हा हिशेब उलटा आहे. पहिल्या टप्प्यातलं ऑपरेशन स्वस्त, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातलं महाग आणि शेवटी जगण्याची शक्यता कमी. निदानाचे थोडे पैसे वाचवून सरकार त्याच्या कितीतरी पट पैसे उशिराच्या शस्त्रक्रियेवर खर्च करतं.

याला एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. आयुष्मान भारतमुळे कॅन्सरचे उपचार वेळेत सुरू होऊ लागले, असं दाखवणारा अभ्यास लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पंतप्रधानांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. योजनेत असलेल्या पेशंटांचे उपचार तीस दिवसांच्या आत सुरू होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं, हा त्याचा निष्कर्ष. तो नाकारण्याचं काही कारण नाही. उलट पैशाची अडचण दूर झाली की माणसं ऑपरेशन पुढे ढकलत नाहीत, हे त्यातून सिद्ध होतं. पण तीस दिवस मोजायला सुरुवात कुठून केली? निदानापासून. आणि मोजली गेलेली माणसं कोण? जी मोठ्या रुग्णालयात पोहोचली ती. म्हणजे हा अभ्यास दाराच्या आतल्या वेगाबद्दल सांगतो आणि तिथे योजना काम करते हे मान्य करावंच लागतं. दाराबाहेर किती दिवस गेले, किती जण आत आलेच नाहीत, याचा त्याच्याशी संबंध नाही. आतली गती वाढल्याचा पुरावा बाहेरच्या रांगेला लागू करणं, ही चूक आहे.

दुसरा आक्षेप जरा कमी दर्जाचा, पण सरकारी बैठकांपासून चहाच्या टपरीपर्यंत सर्रास ऐकू येणारा: आदिवासी लोकच उशिरा येतात, आधी भगताकडे जातात, तंबाखू सोडत नाहीत, त्याला योजना काय करणार? तंबाखूचा मुद्दा खरा आहे. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पुड्या मिळायच्या थांबलेल्या नाहीत. बाकीच्याला महाराष्ट्रानेच उत्तर देऊन ठेवलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदी घेणारे कार्यकर्ते गावोगाव फिरत आणि जाता जाता लक्षणं समजावून सांगत, अमुक दिसलं तर थांबू नका म्हणत. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. माणसं तीच, गावं तीच. फरक एवढाच की कुणीतरी दारापर्यंत आलं होतं. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख स्त्रियांमध्ये त्याहूनही साधी पद्धत वापरली: ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावायचा आणि डाग पांढरा होतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. पाहणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ मध्ये जाहीर झालं. २०१६ मध्ये केंद्राने तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. या आकड्यापुढे भगताला दोष देण्यात अर्थ नाही.

नंदुरबारमध्ये तपासणीच्या वेळेचाही प्रश्न आहे. दिवाळीनंतर इथली असंख्य आदिवासी कुटुंबं कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परततात. हे आजचं नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून जाणाऱ्या मजुरांवर सत्तरच्या दशकातच लिहिलं आहे. शिबिरांचा हंगाम मात्र हिवाळा, कारण तेव्हा रस्ते बरे असतात आणि मार्चअखेरचा निधी खर्चायचा असतो. पाड्यावर तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. तिशी ते साठीतल्या ज्या बाईची तपासणी व्हायला हवी, ती उसाच्या फडात असते.

मग करायचं काय? सोपं, टाळ्या मिळवणारं उत्तर म्हणजे नंदुरबारला कॅन्सर हॉस्पिटल काढा. मला ते पटत नाही. अन्ननलिकेचं किंवा स्वादुपिंडाचं ऑपरेशन वर्षातून दोन-चारदा करणाऱ्या सर्जनच्या हाती देणं धोक्याचं आहे. अशा शस्त्रक्रियांचे निकाल जिथे त्या रोज होतात तिथेच चांगले लागतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ऑपरेशनसाठी एकदा लांब जाणं परवडेल. निदानासाठी पाचदा जाणं परवडत नाही. म्हणून शोध जवळ, शस्त्रक्रिया लांब आणि केमो पुन्हा जवळ, अशी विभागणी हवी. तिसऱ्या भागाची सुरुवात कागदावर झाली आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं आणि त्याच वर्षी त्यातली दोनशे, अशी घोषणा आहे. राज्यानेही २०२५ मध्ये टाटा मेमोरियलला शिखरावर ठेवून त्रिस्तरीय कॅन्सर सेवेचं धोरण मंजूर केलं. पहिला भाग मात्र अजून कुणाच्याच नावावर नाही. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की पॅथॉलॉजीचा विभाग आलाच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याने किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने तुकडा काढायचा, बाटली आठवड्यातून दोनदा नंदुरबारला पोहोचवायची आणि अहवाल आशाताईच्या मोबाइलवर यायचा: यात नव्या इमारतीची गरज नाही. बाटलीने प्रवास केला, तर माणसाचा प्रवास वाचतो.

यावर अर्थखात्याचा आक्षेप ठरलेला असतो: बाह्यरुग्ण तपासण्या विम्यात घेतल्या की नको त्या तपासण्यांचा पूर येईल, बोगस बिलं येतील. भीती निराधार नाही. आयुष्मान भारतवरच्या २०२३ च्या अहवालात 'कॅग'ला एकाच मोबाइल क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले होते. अशा यंत्रणेत दर रक्तचाचणीचं बिल घेतलं तर काय होईल हे सांगायला नको. पण मागणी सरसकट बाह्यरुग्ण विम्याची नाहीच. संशयित कॅन्सरसाठी एक ठरीव निदान-पॅकेज, फक्त सरकारी रुग्णालयाने पाठवलेल्या पेशंटसाठी, बायोप्सी आणि एक स्कॅन एवढंच. पेशंट आणि एका सोबत्याचं जाण्या-येण्याचं भाडं त्यातच. भरतीशिवाय पैसे देणं योजनेला अपरिचित नाही. डायलिसिस, केमो, रेडिएशन यांत पेशंट रात्री घरी किंवा धर्मशाळेत असतो आणि तरीही पैसे मिळतात. पाठपुराव्याच्या १२१ सेवा तर २०१२ पासूनच योजनेत होत्या. 'सरकारी दवाखान्यात तपासणी फुकटच आहे की,' असंही सांगितलं जातं. १५ ऑगस्ट २०२३ पासून शुल्कमाफी झाली खरी, पण ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याकडे आहेत. शिवाय यंत्र बंद असेल किंवा रेडिओलॉजिस्ट नसेल, तर फुकट तपासणीची चिठ्ठी घेऊन पेशंट समोरच्या खासगी सेंटरमध्येच जातो.

राहिला अंतराचा मुद्दा, आणि इथे नंदुरबारची गोष्ट इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळी होते. नवापूरच्या रेल्वे स्थानकात एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. प्रवासी हौसेने त्यावर बसून फोटो काढतात. ज्यांना कॅन्सर आहे त्यांच्यासाठी ही रेषा गमतीची नाही. नंदुरबारहून सुरत रेल्वेने साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, मुंबई चारशेच्या पुढे. मुंबईला थेट जाणारी गाडीही सुरतेच्या वाटेनेच जाते. म्हणजे परळला निघालेला पेशंट कॅन्सरची रुग्णालयं असलेलं एक मोठं शहर खिडकीतून मागे टाकून आणखी अडीचशे किलोमीटर जातो. आयुष्मान भारतचं कार्ड देशात कुठेही चालतं, त्यामुळे ज्याचं नाव २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतून त्या यादीत आलं, त्याला सुरतेत ऑपरेशन करता येतं. त्याच पाड्यावरचं दुसरं कुटुंब फक्त राज्याच्या योजनेत असेल, तर त्याचं कार्ड सीमेवर संपतं. अनुसूचित जमातीची कुटुंबं त्या जनगणनेच्या निकषांत येत होती. पण तेव्हा ऊसतोडीला गेलेली, त्यानंतर वेगळी राहू लागलेली किंवा नाव भलतंच लिहिलं गेलेली घरं बाहेर राहिली असतील, तर ती कुणाची चूक? २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ओळख पटवण्याच्या बाबतीत हा जिल्हा देशाच्या पुढे होता, आणि त्या ओळखीवर सुरतेत उपचार मिळतील की नाही, हे अजून यादीवर ठरतं.

राज्याची योजना राज्याबाहेर नेता येणार नाही, असं म्हणणाऱ्यांना सरकारचाच निर्णय दाखवता येतो. योजना पाच लाखांची करताना कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ मराठीभाषक गावांना तिच्यात घेतलं गेलं आणि कर्नाटकातल्या चार सीमावर्ती जिल्ह्यांतली रुग्णालयं अंगीकृत करायचं ठरलं. त्यामागे भाषेचा आणि राजकारणाचा मोठा इतिहास आहे, आणि तो निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे तत्त्व मान्य झालं: रुग्णालय सीमेपलीकडे असलं तरी महाराष्ट्राचा विमा तिथे पैसे देऊ शकतो. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांसाठी सुरतेतली काही कॅन्सर रुग्णालयं त्याच रीतीने अंगीकृत करायला कायद्याची अडचण नाही. अडचण असेल तर इतकीच, की या सीमेवर कुणी आंदोलन केलेलं नाही.

तोवर एक काम उद्या सकाळपासून, एक रुपयाही न वाढवता करता येईल. पूर्वपरवानगीच्या अर्जात कॅन्सरच्या पेशंटसाठी दोन तारखांचे रकाने वाढवायचे: त्रासासाठी पहिल्यांदा कुठल्याही दवाखान्यात गेल्याची तारीख आणि बायोप्सीची तारीख. आरोग्यमित्राला त्यासाठी दोन मिनिटं जास्त लागतील. वर्षअखेरीस प्रत्येक तालुक्यापुढे दोन तारखांमधल्या दिवसांची सरासरी येईल, आणि मग अक्राणीचा आकडा नंदुरबार शहराच्या शेजारी छापावा लागेल.